लाकूड आणि पर्जन्य : उघड्यावरील काष्ठकामाच्या रक्षणाचा ऐतिहासिक विचार

काष्ठकामाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः कोरीव कामाकडे, शैलीकडे आणि ते करवून घेणाऱ्या आश्रयदात्यांकडे जाते. ते लाकूड ऊनपावसात टिकले कसे, हा प्रश्न सुतारांवर सोपवून इतिहासकार पुढे जातो. वस्तुतः हा प्रश्न गौण नाही. ज्या प्रदेशात वर्षातील चार महिने पाऊस कोसळतो आणि उरलेल्या आठांपैकी निदान तीन महिने कडक उन्हाचे असतात, त्या प्रदेशात आज दिसणारे प्रत्येक जुने लाकूड हे कोणीतरी जाणीवपूर्वक वाचविलेले लाकूड असते. ते कशामुळे वाचले याचा शोध घेतल्यास आपल्या एका रूढ समजुतीचा पुनर्विचार करणे भाग पडते.

ती समजूत अशी की, लाकडाचे रक्षण म्हणजे लाकडावर काहीतरी लावणे. तेल, राळ, रोगण, रंग यांच्या क्रमाने प्रगती होत गेली आणि अखेरीस रसायनशास्त्राने हा प्रश्न सोडविला, असे चित्र आपल्यासमोर असते. उपलब्ध पुरावा या चित्राला फारसा अनुकूल नाही. लेपांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते नेहमीच दुसऱ्या क्रमांकाचे होते. पहिला क्रमांक पाण्याच्या वाटेला होता. पाणी लाकडावर कोठून येते, कोठे थांबते आणि कोणत्या मार्गाने निघून जाते, हे ज्यांनी ओळखले त्यांचे काम टिकले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. नाशाचे स्वरूप

ऐतिहासिक पुराव्याकडे वळण्यापूर्वी नाशाची प्रक्रिया थोडक्यात पाहणे अवश्य आहे. लाकूड हे नळ्यांच्या जुडग्यासारखे असते. त्याच्या आडव्या कापातून, म्हणजे फळीच्या किंवा खांबाच्या टोकातून, पाणी जितक्या वेगाने आत शिरते तितक्या वेगाने ते बाजूच्या पृष्ठभागातून शिरत नाही. म्हणून खांबाचा पाय, तुळईचे टोक आणि सांधे ही नाशाची पहिली ठिकाणे होत. लाकूड कुजविणारी बुरशी लाकडातील ओलावा साधारणतः वीस टक्क्यांच्या खाली राहिल्यास वाढू शकत नाही. त्याचप्रमाणे हवा पूर्णपणे तुटली तरीही ती वाढत नाही. सतत कोरडे लाकूड टिकते आणि सतत पाण्याखाली बुडालेले लाकूडही पुष्कळ काळ टिकते. नाश होतो तो ओल आणि हवा यांच्या सीमेवर. जमिनीत पुरलेला खांब नेमका जमिनीलगत कुजून मोडतो याचे कारण हेच.

उन्हाचे काम निराळे आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य पृष्ठभागावर नष्ट करतात. पाऊस ते धुऊन नेतो आणि लाकूड करडे पडते. दिसावयास हा बदल मोठा असला तरी त्याने शंभर वर्षांत काही मिलिमीटरच झीज होते. करडे पडलेले लाकूड म्हणजे कुजलेले लाकूड नव्हे. हा भेद न कळल्यामुळे रंग परत आणण्यासाठी पुष्कळ श्रम होतात आणि पायाशी साचलेले पाणी मात्र दुर्लक्षित राहते.

२. लेण्यांचा आणि मातीखालचा पुरावा

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत प्राचीन पुरावा इंद्रायणीच्या खोऱ्यातच मिळतो. कार्ले येथील चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे आहे. त्याच्या छताला लाकडी कमानी बसविलेल्या आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्री आहे. सुमारे दोन सहस्र पावसाळे होऊन गेले, तरी हे लाकूड जागेवर उभे आहे. याच खोऱ्याच्या पलीकडील बाजूस भाजे येथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील चैत्यगृह आहे. त्याचे तोंड बंद करणारी लाकडी दर्शनी बांधणी पूर्वी होती. तिचे लाकूड आज नाही. खडकात ती बसविण्यासाठी खोदलेल्या खोबणी तेवढ्या राहिल्या आहेत.

दोन्ही ठिकाणी सह्याद्रीच्या तोंडाशी पडणारा पाऊस एकच आणि कारागिरांची परंपराही एकच. भेद एवढाच की, कार्ल्याच्या कमानी खडकाच्या पोटात, पावसाच्या माऱ्यापासून दूर आणि वारा खेळता राहील अशा जागी आहेत. भाज्याची दर्शनी बांधणी पावसाच्या तोंडावर होती. कार्ल्याच्या कमानींना दोन सहस्र वर्षे कोणी नियमाने तेल पाजीत होते असे मानण्यास काहीही आधार नाही. त्यांचे रक्षण केले ते जागेने.

याच्या उलट टोकाचे उदाहरण पाटण्याजवळील बुलंदी बाग येथे सापडले. तेथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेल्या उत्खननांत मौर्यकालीन पाटलिपुत्राच्या तटबंदीचे प्रचंड लाकडी सोट उघडकीस आले. मेगॅस्थनीसने वर्णिलेल्या लाकडी तटाशी त्यांचा संबंध जोडण्यात आला आहे. हे लाकूड टिकले ते कोरडे राहिल्यामुळे नव्हे, तर पाणथळ मातीत हवेशिवाय राहिल्यामुळे. कार्ले आणि पाटलिपुत्र ही दोन टोके लक्षात घेतली म्हणजे मधला, ओलाही आणि हवेशीरही असा, धोक्याचा पट्टा स्पष्ट होतो. घराबाहेरची बाके, पडव्यांतील कपाटे, झोपाळे, सज्जे, दारे आणि नावा या सर्वांचे आयुष्य याच पट्ट्यात जाते.

३. ग्रंथांतील विचार

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत या विषयाशी निगडित अशी दोन स्थळे आहेत. पलंग आणि आसने यांविषयीच्या अध्यायात कोणत्या वृक्षाचे लाकूड घ्यावे हे सांगताना असन, चंदन, देवदार, तिंदुक, साल, शिवण, साग आणि शिसव यांसारखे वृक्ष गणले आहेत. आणि वीज, पाणी, वारा किंवा हत्ती यांनी पाडलेले, मधमाश्यांनी वा पक्ष्यांनी घर केलेले झाड वर्ज्य मानले आहे. ग्रंथाची भाषा शुभाशुभाची आहे. तथापि पुराने किंवा वाऱ्याने उन्मळलेले झाड बहुधा आधीच ओलीने वा किडीने पोखरलेले असते आणि पोकळीत मधमाश्या राहतात ते झाड आतून सडलेले असते, हे ध्यानात घेतल्यास त्या निषेधामागे अनुभव असावा असे वाटते.

दुसरे स्थळ वज्रलेपाचे. कच्ची टेंभुर्णीची आणि कवठाची फळे, सावरीची फुले इत्यादी द्रव्ये पाण्यात उकळून अष्टमांश उरवावयाची आणि त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादी घालून हा लेप सिद्ध करावयाचा, असे विधान आहे. तो देवालये, वाडे, मूर्ती, भिंती यांना तापवून लावावा आणि तो लक्षावधी वर्षे टिकतो, असे ग्रंथकार सांगतो. कालमर्यादेतील अतिशयोक्ती सोडून दिली तरी घटकद्रव्यांची निवड विचार करावयास लावणारी आहे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. राळ पाण्याला अडविते. बिब्ब्याचा दाहक रस कीटकांना आणि बुरशीला सहन होत नाही.

कोकण आणि गोमंतक येथे काजूच्या टरफलांतून निघणारे तीव्र तेल नावांना आणि घराच्या वाशांना वाळवीपासून रक्षण म्हणून लावीत असत. काजू हा मूळचा ब्राझीलचा वृक्ष. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो या किनाऱ्यावर आणला. बिब्बा आणि काजू हे दोन्ही आम्रकुलातील असून दोहोंचा रस कातडीला भाजतो. परदेशी झाडाच्या टरफलात येथील लोकांनी ओळखीचा गुण हेरला, असे अनुमान यावरून करता येईल.

४. वाड्याची रचना

अठराव्या शतकातील मराठी वाड्यात लेपांपेक्षा रचनेवर भर आहे. वाड्याचा लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो. प्रथम दगडी जोते, जोत्यावर दगडी तळखडा आणि तळखड्यावर खांब अशी त्याची मांडणी असते. तळखडा खांबाच्या टोकाला मातीच्या ओलीपासून तोडतो आणि वाळवीला उघड्यावरून चढून यावयास लावतो, म्हणजे ती दिसते. पुण्याच्या शनिवारवाड्याची उभारणी १७३० मध्ये सुरू झाली आणि १८२८ च्या आगीत त्यातील लाकडी इमारती नष्ट झाल्या. आज तेथे उरलेली जोती पाहिली म्हणजे दगडाने लाकडाला जमिनीपासून किती अंतरावर धरले होते याची कल्पना येते.

दुसरी योजना छपराची. वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे येते आणि पागोळ्या लाकडापासून दूर पडतात. १८०७ च्या सुमारास पूर्ण झालेल्या पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा कोरीव सज्जा रस्त्यावर आलेला आहे; परंतु तो उघडा नाही, त्याच्यावर छप्पर आहे. कोकणात याही पुढची दक्षता घ्यावी लागते. तेथे पाऊस उभा न पडता पश्चिमेकडून तिरपा येतो. म्हणून मृगापूर्वी घर शाकारणे आणि पश्चिमेच्या पडवीला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधणे ही वार्षिक कामे ठरली. झाप पाणी अडवितो, पण वारा कोंडून धरीत नाही. आणि पावसाळा सरला की तो काढून चुलीत घालता येतो. कालनिर्बंधित आणि स्वस्त अशा या आवरणाचा उल्लेख वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत आढळत नाही, परंतु पडवीतील खांब, झोपाळा आणि फडताळ यांचे आयुष्य त्याच्यावर अवलंबून असे.

५. समुद्रावरील लाकूड

नाव ही सर्वांत कठीण परीक्षा. तिला छप्पर नाही, जोते नाही आणि पाण्यापासून दूर राहणे हा तर तिचा धर्मच नाही. येथे लाकडाची जात आणि वार्षिक देखभाल यांना प्राधान्य मिळाले. सागाच्या पक्व गाभ्यात तेलकट द्रव्ये आणि वाळवीला विघातक असे संयुग निसर्गतःच असते. मात्र सालीलगतचे पांढरे लाकूड या गुणापासून वंचित असते आणि जाणता सुतार ते टाकून देतो. फटींत कापूस किंवा काथ्या भरून राळ व तेल लावणे, बुडाला चुना आणि तेल यांचा घोटलेला लेप देणे, वरच्या भागास उंडीचे किंवा माशाचे तेल पाजणे, हे पश्चिम किनाऱ्यावरचे नित्याचे उपाय होते. पावसाळ्यात नावा वर ओढून त्या शाकारून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटीत. घर आणि नाव या दोहोंसाठी भाषेने ‘शाकारणे’ हे एकच क्रियापद वापरावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी आलेला मजकूर सुपरिचित आहे. साग इत्यादी वृक्ष परवानगीने तोडावे. आंबा, फणस यांना मात्र हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावे, असा त्याचा आशय. टिकाऊ लाकडाची किंमत कोणीतरी मोजत असतो, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे.

मुंबईच्या गोदीने हीच सागाची परंपरा जगाच्या बाजारात नेली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि तेथील पहिली कोरडी गोदी १७५० मध्ये पूर्ण झाली. याच घराण्याच्या देखरेखीखाली ब्रिटिश आरमारासाठी सागाची मोठी जहाजे बांधली गेली. १८१० चे ‘मिंडेन’, १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’, १८१७ चे ‘त्रिंकोमाली’ आणि १८२१ चे ‘गँजेस’ ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. इंग्लंडच्या ओक लाकडात आम्ल असल्यामुळे लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूड झडते; सागातील तेलकटपणा लोखंडाचे रक्षण करतो. ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. १८६५ पासून ते शीअरनेस येथे धक्का म्हणून उभे होते आणि १९५७ मध्ये ते मोडण्यात आले. ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. तिचे दीर्घायुष्य साग आणि वारंवार केलेली दुरुस्ती या दोहोंचे मिळून आहे. एकालाच श्रेय देणे योग्य होणार नाही.

६. जहाजापासून बाकापर्यंत

या जहाजांची एक उत्तरकथा प्रस्तुत विषयाशी थेट संबंध ठेवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडी जहाजे आली आणि लाकडी युद्धनौका मोडीत निघू लागल्या. लंडनमधील टेम्सकाठच्या ‘कॅसल’ या जहाजे मोडणाऱ्या पेढीने त्यांतून निघालेल्या सागाची बागेतील बाके, खुर्च्या आणि मेजे करून विकण्यास प्रारंभ केला; पुढे ब्लाइथ येथील एका पेढीनेही तोच उद्योग केला. हा साग सगळाच मुंबईच्या जहाजांचा नव्हता, ब्रह्मदेशाचाही होता. परंतु हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील अरण्यात वाढलेले लाकूड अर्धे शतक समुद्रावर काढून इंग्लंडच्या पावसात पुन्हा बाक म्हणून उभे राहिले, ही वस्तुस्थिती आहे.

सागाच्या बागबाकाची जी धाटणी रूढ झाली तिचे बारकाईने निरीक्षण करावे. बसण्याची जागा अखंड फळीची नसून पट्ट्यांची असते आणि पट्ट्यांमध्ये फटी असतात. पाणी साचत नाही आणि खालूनही वारा लागतो. सांधे खाच आणि कुसू यांचे असून लाकडी मेखेने बांधलेले असतात. पाय मातीत न रोवता फरशीवर ठेवतात. रोगण बहुधा नसतेच. लाकूड करडे होऊ देतात. म्हणजे तळखड्यावरील खांबाचा आणि हवेशीर पडवीचाच न्याय येथे निराळ्या हवामानात लागू झालेला दिसतो.

याच्या तुलनेत रोगणाचा अनुभव उद्बोधक आहे. लाखेचे रोगण घरातील कपाटाला शोभा देते. पाणी लागताच ते पांढरे पडते. बाहेरच्या लाकडावर जाड रोगण दिल्यास पहिले एकदोन पावसाळे ते उत्तम दिसते. पुढे उन्हापावसाने लाकूड फुगते व आकसते, रोगण तितके ताणले जात नाही आणि सांध्याजवळ त्यास बारीक तडा जातो. त्या तड्यातून पाणी आत जाते. परंतु उरलेल्या अखंड पडद्यामुळे ते बाहेर पडू शकत नाही. रक्षणासाठी दिलेला थर अशा रीतीने ओल कोंडणारी पिशवी बनतो. तेलाचा गुण नेमका येथे आहे. ते ओलीचा वेग कमी करते, वाट बंद करीत नाही. मात्र ते दरवर्षी द्यावे लागते.

७. अरण्य आणि रसायन

उत्तम लाकूड वापरणे हाच जर रक्षणाचा सोपा मार्ग, तर तो कायमचा का चालला नाही, याचे उत्तर अरण्यांच्या इतिहासात आहे. आरमाराच्या मागणीने मलबारची सागाची राने उघडी पडू लागली. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची तेथे अरण्यरक्षक म्हणून नेमणूक झाली; सक्तीच्या मक्तेदारीमुळे असंतोष माजला आणि १८२३ मध्ये ते पद रद्द करावे लागले. १८४० नंतर कलेक्टर कॉनोली आणि चातू मेनन यांनी निलंबूर येथे सागाची लागवड केली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन अरण्यरक्षक झाले. ज्या लाकडाला रक्षणाची गरज नव्हती, त्याच्या अरण्याला आता रक्षणाची गरज निर्माण झाली.

म्हणून हलक्या लाकडाला सागाचे गुण देण्याचा प्रयत्न सुरू झाला. इंग्लंडमध्ये १८३२ मध्ये कायन यांनी पाऱ्याच्या क्षाराचे आणि १८३८ मध्ये बेथेल यांनी डांबरापासून काढलेले तेल दाबाखाली लाकडात भरण्याचे स्वामित्वपत्र घेतले. भारतातील सर्वांत महत्त्वाचा शोध डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम् यांनी १९३३ मध्ये लावला. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण त्यांनी सिद्ध केले. तांबे बुरशीला आणि आर्सेनिक वाळवीला रोखते, तर क्रोमियम दोहोंना लाकडात जखडून ठेवते. ‘आस्कू’ या नावाने ते परिचित झाले. पुढील अर्धशतकात जगभर तारांचे खांब, बागेतील बाके आणि मुलांची खेळण्याची साधने या मिश्रणाने संस्कारित झाली. भारतीय शास्त्रज्ञाच्या कार्याचा इतका व्यापक आणि इतका अज्ञात प्रसार क्वचितच झाला असेल.

तथापि संस्कारित लाकडातून अल्प प्रमाणात आर्सेनिक मातीत उतरते, हे पुढे दिसून आले. आणि २००३ च्या अखेरीस अमेरिकेत निवासी उपयोगासाठी या मिश्रणाचा वापर थांबविण्यात आला. युरोपातही त्याच सुमारास निर्बंध आले. त्यामुळे कामेशम् यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. त्यांच्या संस्काराने कित्येक वृक्ष तोडीपासून वाचले. परंतु अरण्याने भरावयाची किंमत अंशतः मातीकडे आणि माणसाच्या शरीराकडे वळविली गेली, हेही नमूद केले पाहिजे.

८. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, लाकडाचे आयुष्य प्रथमतः त्याच्या जागेवर आणि घडणीवर ठरते : जमिनीपासून अंतर, माथ्यावर आडोसा, पाण्याला वाट आणि वाऱ्याला मोकळीक. दुसरी, लेप हे या व्यवस्थेचे पूरक आहेत, पर्याय नव्हेत. तिसरी, रक्षणाच्या प्रत्येक पद्धतीची किंमत कोणीतरी देतो. उत्तम लाकडाची किंमत अरण्याने दिली, रसायनाची मातीने दिली. शाकारणे, तेल पाजणे, झाप बांधणे यांची किंमत दरवर्षीच्या श्रमांनी दिली. या तिसऱ्या किमतीने तेवढी कोणाची हानी केली नाही. मात्र ती भरणाऱ्या सुतारांची, खलाशांची आणि घरातील माणसांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत.

या निष्कर्षाला व्यावहारिक बाजूही आहे. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत तळखड्याभोवती सिमेंटचा गिलावा भरून खांबाचा पाय बंद करण्याची आणि कोरीव सज्जांवर चकचकीत रोगण देण्याची प्रवृत्ती दिसते. हेतू रक्षणाचा असतो. परिणाम उलट होतो, कारण सिमेंट ओल धरून ठेवते आणि रोगण ती कोंडते. दुरुस्ती हाती घेणाऱ्याने रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एका पावसाळ्यात त्या वास्तूसमोर उभे राहून पाणी कोठून येते व कोठे थांबते याचा नकाशा करावा. वळचणीची फुटलेली कौले, बुजलेली पन्हळ आणि मातीने भरून आलेला तळखडा एवढे तीनच दोष काढले तरी पुष्कळसे काम होते. वाड्यांतील आणि गोद्यांतील लाकडाच्या वार्षिक देखभालीच्या नोंदी दप्तरांतील खर्चाच्या यादींतून शोधून काढणे हे यापुढील संशोधकांचे काम आहे. तेल, राळ, चुना, झाप आणि मजुरी यांचे आकडे वर्षवार लावता आले, तर आपल्या काष्ठकामाचा आजवर न लिहिलेला अर्धा इतिहास उजेडात येईल.